जगन्नाथला मीच बाहेर बसवलं होतं

सकाळी सहाला फोन वाजला तेव्हा नाव न बघताच मी तो उचलला आणि म्हणालो, "लावलाय रे, लावलाय टीव्ही." त्या वेळी मला फोन करणारा माणूस एकच होता. पण पलीकडे जगन्नाथ नव्हता, त्याचा मुलगा प्रशांत होता. "काका, पप्पा गेले..." एवढंच तो बोलला. समोर अमेरिकेतला बास्केटबॉलचा सामना सुरू होत होता आणि मी रिमोट हातात धरून बसून राहिलो. बंद करायचंही सुचलं नाही. पहिला विचार त्याच्या जाण्याचा नव्हता, हे इथे कबूल करतो. मनात आलं, मी त्याला शब्द दिला होता, तो पाळायचा राहून गेला.

चाळीसेक वर्षांपूर्वी मी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कापड कारखान्यात सुपरवायझर होतो. मालकांना बास्केटबॉलचा शौक. कारखान्यामागे त्यांनी सिमेंटचं मैदान करून घेतलं आणि मी कॉलेजात थोडाफार खेळलेला, म्हणून संघ शिकवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. जगन्नाथ रंगाई खात्यात टेंपरवारी लागला होता. मुरबे या किनाऱ्यावरच्या कोळी गावचा, होडीवर वाढलेला, सहा फुटांच्या वर उंच, जाळी ओढून ओढून पंजा असा झालेला की चेंडू एका हाताने नारळासारखा उचलायचा. हा खेळ त्याने कधी पाहिलाही नव्हता. पहिल्या दिवशी मी नियम समजावत होतो, तर म्हणाला, "मास्तर, एवढं कशाला सांगता? वर टाकायचा, खाली पडू द्यायचा नाय, दुसऱ्याला ढकलायचा नाय. शेवटचं तेवढं कठीन हाय." ते खरंच कठीण होतं. आपल्याकडे पाच फाउल झाले की खेळाडू बाद होतो, आणि जगन्नाथ प्रत्येक सामन्यात चौथ्यापर्यंत हटकून पोचायचा. पण पाचवा मात्र मी त्याच्या हातून कधी पाहिला नाही. चौथ्यानंतर तो असा काही खेळायचा की जणू समोरच्याच्या अंगाला विस्तव लागलाय.

हे मला ठाऊक होतं. आणि तरीही वसाहतीतल्या कारखान्यांच्या स्पर्धेत, अंतिम सामन्यात, उत्तरार्धात त्याचा चौथा फाउल झाल्याबरोबर मी त्याला बाहेर बोलावलं. आम्ही पुढे होतो. शेवटची पाच मिनिटं उतरवू, असं ठरवलं. पण त्याच्याविना आमचा संघ विस्कटला, समोरचे गाठत आले, मग पुढे गेले. पाच मिनिटं उरली. जगन्नाथ बाकावरून उठून माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. मी म्हणालो, थांब. तो बसला. तीन मिनिटं उरली, तो पुन्हा उठला. मी पुन्हा म्हणालो, थांब. आता उतरवला आणि लगेच पाचवा फाउल झाला तर सगळे मला हसतील, एवढा एकच विचार डोक्यात घट्ट बसला होता. शिट्टी वाजली, आम्ही चार गुणांनी हरलो. मॅनेजर साहेब तरातरा आले आणि सगळ्यांसमोर विचारलं, "जगन्नाथला का नाही उतरवलं?" माझ्या तोंडून निघून गेलं, "तोच नको म्हणाला, साहेब. पायात गोळा आलाय म्हणाला."

जगन्नाथ हाताच्या अंतरावर उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि खाली बसून बुटाच्या नाड्या सोडू लागला... बस्स. साहेब म्हणाले, "मोक्याला कच खाणारा माणूस काय कामाचा?" त्या महिन्यात कायम करायच्या माणसांत त्याचं नाव होतं, ते कापलं गेलं. दुसऱ्या दिवशी मुरब्यात गोष्ट पोचलेली होती. "दर्यात नाय घाबरला, सिमेंटवर घाबरला!" हे पुढे वर्षानुवर्षं त्याला ऐकावं लागलं. थोड्याच दिवसांत तो काम सोडून परत होडीवर गेला.

मी त्याला टाळलंच असतं, पण त्यानेच टाळू दिलं नाही. बोईसरच्या बाजारात भेटला की स्वतः हाक मारायचा. मी निवृत्त झालो, त्याने होडी विकली, प्रशांतने घरात मोठा टीव्ही आणला, आणि जगन्नाथला अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉलचं वेड लागलं. तिथली रात्र ती आपली सकाळ, त्यामुळे सहाला फोन ठरलेला, आणि बाद फेरी लागली की मी रिक्षा करून मुरब्याला त्याच्या घरीच जायचो. तिथे एकेक मालिका सात सामन्यांची असते, आधी चार जिंकेल तो पुढे. या सात सामन्यांत प्रशिक्षक जे करतात आणि जे करत नाहीत, त्यावर जगन्नाथ असा काही तापायचा की शेजारचे डोकावून जायचे. "अरे, दोन मॅच हरलास ना? भरतीचं पानी फिरलं! पानी फिरल्यावर जालं फिरवशील का तसाच बसशील?" उंच खेळाडू बास्केटच्या कड्याखाली मोकळा उभा असताना बाकीचे लांबून फेकत राहिले की हा कपाळ बडवायचा. "आत घरचा मानूस उभा हाय, नि हे बाहेरून कौलांवर दगड मारतात!" टाइमआउट शिल्लक असूनही न घेणाऱ्या प्रशिक्षकाला तो विचारायचा, "घरी नेऊन लोनचं घालनार हायस काय त्याचं?" मी हसायचो. पण तिथे सहा फाउलला खेळाडू बाद होतो, आणि पाच झाले म्हणून एखाद्याला बाहेर बसवलं की माझं हसू आटायचं. तेव्हा जगन्नाथ ओरडायचा, "पाचला बसवला! अरे, सहावा झाला असता तर आपल्या पायांनी बाहेर गेला असता ना! त्याच्या आधी तूच कशाला घालवतोस?" इतका साधा विचार. मी तो चाळीस वर्षांपूर्वी केला नव्हता.

गेल्या वर्षी अशाच एका सकाळी तो म्हणाला, "हा कोच घाबरट हाय." आणि मला राहवलं नाही. म्हणालो, "जगू, मीही घाबरलो होतो. आणि वर खोटं बोललो." त्याने टीव्हीचा आवाज कमी केला.

"मंग? मला नाय मायीत? बाकावर मीच बसलो होतो ना."

"तेव्हा बोलला का नाहीस?"

"तोंड उघडलं असतं तर हात पन उठला असता, मास्तर. तुमची तेवाची तब्येत बघता एक फटका पुरला असता." मग एकदम उसळला. "खोटं बोललात ते सोडा. पन पाच मिनिटं! पाच मिनिटं काय इचार करीत होतात तुमी?"

"काहीच नाही. नुसता उभा होतो."

तो खोकला लागेपर्यंत हसला. डोळे पुसत म्हणाला, "हे गावात एकदा सांगा. तेवढं करा." मी सांगतो म्हणालो. पुढच्या रविवारी सांगू, गणपतीत सांगू... त्याने एकदाही आठवण करून दिली नाही, आणि मग तो गेला.

बाराव्याला मी मुरब्याला गेलो. ओसरीवर गावातली माणसं होती, त्याचा चुलतभाऊ गोविंद होता, आत दारापाशी जगन्नाथची बायको, द्वारकावहिनी, बसल्या होत्या. जेवणं झाल्यावर मी उभा राहिलो. म्हाताऱ्याला बोलायचंय म्हणून सगळे गप्प झाले. मी सगळं सांगितलं, जसं वर लिहिलंय तसं. जगन्नाथ उतरायला दोनदा उठला होता, दोनदा मीच बसवला, आणि पायात गोळा वगैरे काही नव्हतं. गोविंद म्हणाला, "मास्तर, आता मी कोनाकोनाला सांगू? ज्यांच्यासंगती मी त्याला हसलो, ते निम्मे वर गेले." मग स्वतःशीच म्हणाला, "तिकडे गेल्यावर जगू धरील मला."

वहिनींनी मला आत बोलावलं. मी शिव्या खायच्या तयारीने गेलो. त्या म्हणाल्या, "माझा बाप तुफानात गेला. घाबरायचा नाय कोनाला, वाऱ्याला पन नाय. म्हनून ह्यांचं स्थळ आलं तेवा लोक हसत होते, हा घाबरतो म्हनून, आनि मी मनात म्हटलं, बरं हाय. घाबरनारा मानूस घरी येतो. मी हो म्हटलं." त्या पुढे म्हणाल्या, "तुमी तेवाच खरं सांगितलं असतं ना, मास्तर, तर मी नाय म्हटलं असतं. नि हो म्हटलं असतं तर सगली वर्षं दर्याकडे बघत बसले असते. होडी इकली, मानूस आपल्या बिछान्यात गेला. आता सांगा काय सांगायचं ते."

यामुळे माझी चूक चूक राहत नाही, असं मी म्हणणार नाही. त्याची नोकरी गेली, नाव गेलं, ते माझ्यामुळेच. पण त्या संध्याकाळी रिक्षात बसल्यावर मला कळलं की मी कितीतरी वर्षांनी पोटभर श्वास घेतोय. चिंचणीच्या किनाऱ्यापर्यंत उगाच फिरून यावं असं वाटलं.

नंतर एका सकाळी फोन आला. वहिनी होत्या. "तुमची ती मॅच लागलीय. मला काय कलत नाय. येता का?" मी गेलो. जगन्नाथच्या खुर्चीत, त्याच्या पाठीने खोलगट झालेल्या उशीला टेकून, त्या बसल्या होत्या. लग्न झाल्यापासून त्यांनी या खेळाकडे कधी धड पाहिलं नव्हतं. मी एकेक नियम सांगू लागलो. त्यांनी मध्येच थांबवलं. "ते अमेरिकेचं ऱ्हाऊ दे. आपल्याकडचं सांगा. ह्यांचं." मी सांगितलं, पाच फाउलला बाद. त्यांनी हाताची पाच बोटं उघडली आणि माझ्याकडे बघत एकेक करून चार मिटली.

"म्हनजे एक होता अजून."

"होता, वहिनी," मी म्हणालो.