ललिताबाईंच्या शिट्ट्या आणि माझे तारे

संपादक महादेवरावांनी मला ललिता खंडारे यांची ओळख लिहायला सांगितली आहे. "सातशे शब्दांत बसवा, आणि जरा जिव्हाळ्यानं लिहा," म्हणाले. सातशेत हे बसायचं नाही. जिव्हाळ्याचं म्हणाल तर तोही माझ्याकडून निघायचा नाही, कारण या बाईचं नाव घेतलं की माझ्या पोटात दुखतं. गेलं वर्षभर दुखतं आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

मी कोण ते दोन ओळींत. सूर्यभान ढोरे, अकोल्यात माझी टायपिंगची इन्स्टिट्यूट आहे. या पेपरच्या रविवारच्या पुरवणीत अकरा वर्षं 'बोटावरचा खेळ' हे सदर मी लिहिलं. मोबाईलवर नवा गेम आला, गाण्याचं, सिनेमाचं किंवा रील बनवायचं एखादं अ‍ॅप आलं, की ते कसं आहे हे सांगायचं आणि खाली तारे द्यायचे, पाचपैकी. साडेतीनच्या खाली मी कधी उतरलो नाही. कशाला उगाच कुणाचं मन दुखवा? आणि खरं म्हणजे तेवढा वेळही नसायचा. कंपनीनं गेमखाली जे लिहिलेलं असतं ते वाचायचं, दहा मिनिटं बोट फिरवायचं, की झाला लेख. सदराच्या डोक्यावर माझा टाय लावलेला फोटो यायचा. चौकातला पानवाला 'या लेखक' म्हणायचा. माणसाला आणखी काय लागतं?

आता बाई. वय एकोणपन्नास. माहेर बार्शीटाकळी, राहणार अमरावती. कठोरा नाक्याकडे स्पर्धा परीक्षेच्या मुलींची एक मेस आहे, तिथं त्या स्वयंपाक करतात. सकाळी पन्नास ताटं, संध्याकाळी पन्नास. पोळ्यांना सोबत चतुराबाई. नवरा श्रावण अमरावती ते परतवाडा काळीपिवळी जीप चालवतो. मुलगी पायल नागपूरला नर्सिंग शिकते. शाळा दहावीपर्यंत, टायपिंग शून्य. हे शेवटचं मी मुद्दाम लिहिलं.

पायल बारावीला होती तेव्हा पुस्तक उघडं ठेवून गोळ्या जुळवायचा गेम खेळत बसायची. बाईंनी एक दिवस फोन हिसकला, मेसवर नेला आणि तिखटाच्या डब्यामागं ठेवला. वरणाचा कुकर लावला. शिट्ट्या होईस्तोवर काम नव्हतं. पोरगी एवढी कशापायी वेडी झाली ते पाहावं म्हणून त्यांनी गेम उघडला. वरणाला त्यांच्या चार शिट्ट्या असतात. त्या दिवशी कुकरनं सात वाजवल्या आणि चतुराबाईंनी हातातलं लाटणं ओट्यावर आपटलं, तेव्हा कुठं बाईंची मान वर झाली. संध्याकाळी पायलला फोन परत देताना त्या म्हणाल्या, "वाईट नाही तुहा गेम. मले शिट्ट्या चुकवल्या त्यानं. पण तू परीक्षा होईलोक खेळू नको, अन् मी खेळतो तं मले रागावू नको."

तेव्हापासून ही त्यांची पद्धत. कुकर लावायचा आणि गेम उघडायचा. पहिली शिट्टी नीट ऐकू आली तर त्या गेमात दम नाही, एक शिट्टी. मोजणं चुकलं तर गेम खरा. असे आठ दिवस, आठ कुकर, मगच बोलायचं. त्याच्या आधी मेसच्या पोरींनी किती मागं लागावं, बाई तोंड उघडत नाहीत. एका पोरीनं त्यांचं बोलणं रेकॉर्ड करून घरच्या ग्रुपवर टाकलं. तिथून ते मूर्तिजापूरला गेलं, तिथून कुठं कुठं गेलं देव जाणे. पोराला कोणता गेम द्यावा असं विचारणाऱ्या आया, स्टँडवरचे जीपवाले, कापसाच्या जिनिंगमधल्या बाया, सगळे दर रविवारी ललिताबाईंचा आवाज ऐकायला लागले. रविवारी, बरं का. माझ्या वारी.

'हिरवं शिवार' नावाच्या शेतीच्या गेमला मी साडेचार तारे दिले होते. 'नयनरम्य चित्रं आणि घरबसल्या शेतीचा निखळ आनंद' असं लिहिलं होतं. पंधरा दिवसांनी बाई त्यावर बोलल्या. "याच्यात पेरलं का तीन मिनिटात कापूस. अळी नाही, रानडुक्कर नाही, वेचाले बाया पाहा लागत नाही. हे पोरायले दाखवान तं पोरं आपल्या बापालेच येडा समजतीन. अन् तीन मिनिटं थांबाचं नसन तं पैशे भरा म्हनते. एक शिट्टी. काढून टाका."

मी हे कुठं ऐकलं? माझ्याच स्वयंपाकघरात. माझी बायको आशा ज्वारीची भाकर थापता थापता फोन ओट्यावर उभा करून ऐकत होती आणि हसत होती. अकरा वर्षांत माझ्या सदरावर ही बाई कधी हसली नाही. रडलीही नाही. तिनं ते वाचलंच नव्हतं. मी म्हटलं, "माझ्या लेखावरून विषय उचलते ती." आशा म्हणाली, "उचलला असन. पन उचलून साफ तं केला." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चौकात गेलो तर पानवाला 'या लेखक' म्हणाला खरा, पण त्याच्या दुकानातल्या स्पीकरच्या डब्यावर तोच आवाज चालू होता.

मग दसऱ्याच्या आधी महादेवरावांनी मला ऑफिसात बोलावलं, चहा पाजला आणि चहा संपल्यावर सांगितलं की दिवाळीपासून माझ्या जागी ललिताबाईंचं सदर सुरू करायचा विचार आहे. मी म्हटलं, "साहेब, ती बाई माझ्यावरून चोरते." ते म्हणाले, "दाखवा बरं. तसं असलं तर तुमचं सदर तुमच्याजवळच राहील."

घरी आलो आणि दाखवायची तयारी केली. जो गेम जगात कुठंच नाही, त्यावर मी लेख लिहिला. नाव ठेवलं 'सातपुडा सवारी'. परतवाड्याहून सवारी भरून चिखलदऱ्याच्या घाटात जीप चढवायची. वळणावर धुकं, मधेच अस्वल आडवं, टपावर कोंबड्यांची टोपली, आणि मागं बसलेली म्हातारी सारखी ओरडते, 'बापू, हळू.' म्हातारीला ओकारी झाली की गुण कमी. चार तारे, वर अर्धा. शेवटी एक ओळ टाकली, 'हा गेम सध्या काही मोजक्या, नव्या फोनांवरच उतरतो.' म्हणजे कुणी शोधायला गेलं तरी मी सुरक्षित. बाई न खेळताच यावर बोलली, की चोरी पकडली. सापळा असा चोख होता की मला स्वतःचं कौतुक वाटलं.

त्या लेखाला फोन आले. अकरा वर्षांत पहिल्यांदा लोकांचे फोन आले. एक निवृत्त मास्तर म्हणाले, म्हातारीचं फार छान जमलं. जो गेम नव्हता तोच मी मन लावून खेळलो होतो, हे मला तेव्हा समजलं नाही. मी आपला फुगत बसलो.

पुढच्या रविवारी बाई बोलल्या नाहीत. त्याच्या पुढच्या रविवारी बोलल्या. मी कान टवकारून आशाच्या मागं उभा होतो.

"पेपरातल्या ढोरे भाऊनं जीपच्या गेमवर लिवलं. आमच्या घरी तं जीपच हाय, मनून मले लय हौस आली. यायलेबी आली. हे रोज संध्याकाळी विचारून राहिले, भेटला का, भेटला का. आठ दिवस शोधला. माझ्या फोनात नाही, पोरीयच्या फोनात नाही. भाऊनं लिवलंच हाय का नव्या फोनातच उतरते. म्हनजे आमचेच फोन जुने झाले. आता मले एक सांगा, जिच्या फोनात चांगले गेम येतच नाही, तिनं दुसऱ्याले कोन्त्या तोंडानं सांगावं का हा चांगला अन् तो वाईट? मले बरं वाटून नाही राहिलं. मनून आजपासून बंद. भाऊचं वाचत जा."

एवढंच. आवाजात ना राग, ना टोमणा. खाली लोकांनी हात जोडल्याच्या चित्रांची रांग लावली. मी सदर सोडलं असतं तर पानवाल्यानंही एवढे हात जोडले नसते. तेव्हासुद्धा मला पहिल्यांदा हेच सुचलं, काय सांगू.

मी जिंकलो होतो. सदर माझं राहिलं होतं. महादेवरावांनी फोन करून तसं कळवलंही, "बाई नाही म्हणतात, तुम्हीच चालू ठेवा." मी आशाला म्हटलं, जरा कडक चहा ठेव. तिनं ठेवला नाही. ती माझा फोन हातात घेऊन उलटापालटा करत होती.

"तुमचा फोन अन् माहा फोन एकाच दिवशी घेतला आपन," ती म्हणाली. "माह्यात शोधला मी, नाही भेटला. मंग तुमच्यात कसा उतरला तो गेम?"

मी चहाचं पातेलं शोधायला लागलो. ती म्हणाली, "दाखवा ना मले. म्हातारी पाहाची हाय."

लग्नाला तेवीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत ती माझा लेख पहिल्यांदा वाचून बसली होती आणि नेमका हाच. मी फोन तिच्या हातातून घेतला आणि इन्स्टिट्यूटमध्ये जाऊन बसलो. दोन दिवस पोरांच्या बोटांकडे बघत काढले. तिसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं अमरावतीला गेलो.

मेसच्या मागच्या दारानं आत शिरलो तेव्हा ललिताबाई वांगी चिरत होत्या. मला वाटलं होतं बाई उंचीपुरी, ठसकेदार असेल. बारकीशी निघाली, चष्मा दोरीनं बांधलेला. मी नाव सांगितल्याबरोबर त्या उठल्या, पदरानं स्टूल पुसलं. "बसा भाऊ. आनला का तुमचा फोन? हे येतच असतीन जेवाले, त्यायले एक चक्कर मारू द्या गेमात."

आता सांगा, अशा माणसाचा हेवा करायचा तरी कसा? पण मी तोही केला. या बाईला माझा रागसुद्धा येत नाही, याचा हेवा केला. आणि मग एका दमात सांगून टाकलं की तो गेम नाही. कुठंच नाही. तुम्हाला पकडायला मी बनवला.

त्यांनी विळी आडवी केली. चिरलेली वांगी पाण्यात टाकली आणि विचारलं, "मंग तारे कोनाले देले?"

एवढा साधा प्रश्न. पाठीमागं चतुराबाईंचं लाटणं थांबलं होतं. मी म्हटलं, "चुकलं माझं, ताई. तुम्ही पुन्हा बोलायला लागा. मी सर्वांना फोन करून सांगतो."

"फोन करून कायले?" बाई म्हणाल्या. "छापलं तं पेपरात ना? जिथं खोटं छापलं तिथंच खरं छापा. मंग पाहू. अन् यायले तुमीच सांगा, मी नाही सांगनार."

श्रावणभाऊ आले, हात धुतले, ताटावर बसले. मी त्यांना सांगितलं. त्यांनी पोळीचा घास वरणात बुडवला. मग म्हणाले, "म्हातारी तं खरी हाय पन. रोज बसते माह्या जीपमधी." भाजी मागितली आणि विषय संपवला.

परत येऊन महादेवरावांपुढं सगळं ओकलो. त्यांनी माझा फोटो पानावरून काढायला सांगितला. खरं छापायचं या अटीवर बाईंनीही होकार दिला, दिवाळीपासून तिथं ललिताबाईंचं सदर येणार आहे. खाली तारे नाहीत, शिट्ट्या असतील. बाई बोलून पाठवतील आणि ते कागदावर टाईप मी करायचं, त्यांचा एक शब्द न बदलता. 'लिवलं'चं 'लिहिलं' केलं तर काम जाईल असं महादेवरावांनी बजावलं आहे. अकरा वर्षांचा लेखक मी, आता तिचा टायपिस्ट. जळतं अजून. कमी झालं असेल असं समजू नका.

छापायला देण्याआधी हा लेख त्यांना वाचून दाखवावा म्हणून काल पुन्हा मेसवर गेलो. खरं कारण वेगळंच होतं. मला मोजायचं होतं. बाईंनी वरणाचा कुकर लावला, स्टूल दिलं आणि मी इथपर्यंतचं वाचायला सुरुवात केली. माझ्या इन्स्टिट्यूटचं आणि फोटोचं वाचत होतो तेव्हा पहिली शिट्टी झाली. बाईंनी लगेच एक बोट वर केलं. 'हिरवं शिवार' आलं तेव्हा दुसरी, दोन बोटं. मी मनात म्हटलं, गेलं. सापळ्याजवळ तिसरी झाली, तीही त्यांनी धरली. मग मी आशानं फोन उलटापालटा केला ते वाचलं, एसटीनं आलो ते वाचलं, तारे कोणाला दिले ते वाचलं. मधे थांबलो, पाणी प्यायलो, पुन्हा वाचलं. बाईंची तीन बोटं तशीच वर होती.

चतुराबाईंनी लाटणं आपटलं. "अवं ललिते, कुकर."

मी मोजल्या होत्या. सात.

बाई धावल्या, गॅस बंद केला, झाकण उघडून वास घेतला आणि म्हणाल्या, "पहिलं सारं काढून टाका भाऊ, त्याच्यात तुमी नुस्ता आपला फोटो मिरवून राहिले. हे मागचं तेवढं ठेवा." मी काढलेलं नाही. तेवढं माझं असू द्या. हा शेवटचा तुकडा घरी आल्यावर जोडला, पण त्याआधी पोरी जेवायला येईपर्यंत तिथंच स्टुलावर थांबलो.

वरण खाली लागलं होतं. पहिल्याच घासाला एका पोरीनं तोंड वाकडं केलं आणि विचारलं, "मावशी, आज कोणता गेम होता?"

"गेम नोता," बाई म्हणाल्या. "भाऊ वाचून राहिले होते."