खिचडीत काय आहे

विलास जपानमध्ये तोयोसुच्या एका आयटी कंपनीत सोळा वर्षं होता. ऑफिसचं सगळं काम इंग्रजीत चाले. तो राहायचा त्या निशी-कसाईच्या भारतीय वस्तीत मात्र 'जपानी येणारे विलासदादा' अशी त्याची ख्याती होती. नव्याने आलेल्यांपुढे तो दोन-चार ठरलेली वाक्यं झोकात फेकायचा. घरी येणारी शाळेची पत्रं त्याची अकरा वर्षांची मुलगी मिताली त्याला वाचून दाखवायची, हे बाहेर कुणाला ठाऊक नव्हतं.

मे महिन्यात तिथल्या बागेत आशियाई महोत्सव भरला. नेपाळी, व्हिएतनामी, कोरियन स्टॉल्सच्या रांगेत मराठी मंडळाचा साबुदाण्याच्या खिचडीचा स्टॉल होता. खिचडी मंडळातली रुचा परतत होती आणि गिऱ्हाइकांशी बोलायला अर्थातच विलास. मिताली शेजारी कागदी ताटल्या लावत होती.

साठीच्या एक जपानी बाई आल्या. खिचडीकडे बोट दाखवून त्यांनी काहीतरी विचारलं. त्यातला 'राक्कासेइ' हा शब्द विलासला कळला नाही. मिताली तोंड उघडणार, तोच त्याने तिला हाताने थांबवलं. मंडळाची चार माणसं बघत होती.

"दाइजोबु, दाइजोबु!" तो हसून म्हणाला. काही काळजी नको.

बाई ताटली घेऊन गर्दीत गेल्या.

"बाबा, त्या शेंगदाण्यांबद्दल विचारत होत्या," मिताली म्हणाली. "खिचडीत कूट आहे ना? सांगून येऊ?"

"राहू दे. आवडत नसतील म्हणून विचारलं असेल. आता कुठे शोधतेस?"

दहा मिनिटांत बाकाशी गलका झाला. बाईंचे ओठ सुजले होते, श्वास घेता येत नव्हता. पर्समधलं ॲलर्जीचं इंजेक्शन त्यांनी स्वतःच मांडीत टोचून घेतलं होतं. ॲम्ब्युलन्स आली. जीवाला धोका नाही, असं संध्याकाळी कळलं.

रुचा रडत होती. "खिचडीत काय काय आहे त्याची पाटी लावायची मीच विसरले. माझ्यामुळे झालं, दादा."

"असू दे गं, होतं असं," विलास म्हणाला.

मितालीने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. घरी जाताना ती त्याच्या दहा पावलं पुढे चालत होती.

तीन दिवस त्याला नीट जेवण गेलं नाही. चौथ्या दिवशी त्याने रुचाला फोन करून खरं सांगितलं. ती फक्त "बरं" म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

आयोजकांनी त्या बाईंना, ओकादा-सानना, विचारून पत्ता दिला. विलास मितालीला घेऊन गेला. माफी मागायलाही त्याला तीच लागणार होती.

दारात तिने विचारलं, "सगळं सांगू? मी तुम्हाला सांगितलं होतं, तेसुद्धा?"

"सगळं सांग."

ती बोलत राहिली. विलासला फारसं समजत नव्हतं. तो फक्त ओकादा-सानचा चेहरा बघत होता. त्या शांतपणे ऐकून कमरेत वाकल्या आणि काही बोलल्या.

"त्या म्हणतायत, मीच पुन्हा एकदा विचारायला हवं होतं. तुम्हाला उगाच त्रास झाला."

त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. तो मिठाईचा डबा पुढे करून तसाच ताठ उभा राहिला.

जिना उतरताना मिताली म्हणाली, "बाबा, माफी मागताना तुम्ही वाकलाच नाहीत."

तो पुन्हा वर गेला. दार लागलं होतं. परत बेल वाजवायचा त्याला धीर झाला नाही.