साहेबाला जग समजावताना

अमेरिकन माणसाला अमेरिकेबाहेरचं ओ की ठो कळत नाही, हे मी अमेरिकेत एकदाही न जाता ठामपणे सांगत असे. माझ्याकडे पुरावा होता! पुण्यातल्या एका मित्राच्या मेहुण्याला शिकागोत कुणीतरी विचारलं होतं म्हणे, "तुम्ही ऑफिसला हत्तीवरून जाता का?" (प्रत्येक मराठी माणसाला असा मेहुणा असलेला एक मित्र असतोच.) हा किस्सा सांगून सिंगापुरात सेंगकांगच्या आमच्या फ्लॅटमध्ये मी आठ वर्षं पाहुण्यांना हसवलं.

त्यामुळे रॅफल्स प्लेसच्या आमच्या ऑफिसात केविन नावाचा अमेरिकन साहेब आला, तेव्हा मला त्याची कीवच आली. पण साउथ-ईस्ट एशियाचा मॅनेजर कोण, हे तोच ठरवणार होता आणि ती खुर्ची मला हवी होती. अगदी मनापासून हवी होती! म्हणून त्याला शनिवारी दुपारी पुरणपोळी खायला घरी बोलावलं.

सकाळीच मी बायकोची आणि नऊ वर्षांच्या सईची शाळा घेतली. "केविनशी सावकाश बोलायचं. त्याला काही माहीत नसणार. भारत कुठे आहे, इथपासून सुरुवात!"

"अरे, साहेब आहे तो तुझा. बालवाडीतला मुलगा नव्हे," मृणाल म्हणाली.

"तुला नाही कळायचं. अमेरिकन आहे तो!"

मी देवघराशेजारी जगाचा नकाशा चिकटवला आणि पुणं दाखवायला त्यावर लाल टिकली लावली. (मृणालची. न विचारता.)

केविन आला. मी पट्टी घेऊन नकाशापाशी उभा. "धिस... इज... इंडिया!"

"हो, हो," तो म्हणाला. "पुणं मात्र मला माहीत नव्हतं, काल शोधून पाहिलं. पण ते इतकं पश्चिमेला आहे?"

मी चष्मा लावला. पुणं मुंबई ओलांडून थेट अरबी समुद्रात तरंगत होतं!

विषय बदलायला मी त्याला बाल्कनीत नेलं. आमचा चौदावा मजला. "ती लांबवर हिरवी झाडी दिसते ना? तो मलेशिया!"

"बाबा, दॅट वन पुलाव उबिन, लाह!" सई तिच्या सिंगापुरी इंग्रजीत ओरडली. "ते सिंगापूरच आहे. आमची ट्रिप गेली होती."

"मीही गेल्या रविवारी बोटीने गेलो होतो," केविन म्हणाला. "सायकल चालवायला फार छान बेट आहे."

त्याला सिंगापुरात येऊन सहा आठवडे झाले होते.

जेवायला बसलो. मृणालने आग्रह करकरून त्याला तिसरी पोळी वाढली. तेवढ्यात त्याने मुद्द्यालाच हात घातला. "आपले बरेच ग्राहक इंडोनेशियात आहेत. तू कधी गेलायस तिकडे?"

नोकरीचा प्रश्न! मी सावरून बसलो. उगाच खोटं कशाला बोला?

"बालीला दोनदा जाऊन आलोय," मी म्हणालो. "इंडोनेशियाला जायचं मात्र अजून राहिलंय."

मृणालच्या हातातला तुपाचा चमचा हवेतच थांबला.

"बाबा! बाली इंडोनेशियातच आहे!" सई.

"अरे, पासपोर्टवरचा शिक्का तरी वाचायचास," मृणाल मराठीत पुटपुटली.

आता गप्प बसावं की नाही? पण नाही! मी घाईघाईने विचारलं, "तुम्ही अमेरिकेत कुठले?"

"नेब्रास्काचा."

"वा! काय समुद्रकिनारा आहे तिथला!"

केविनला ठसका लागला. पाणी पिऊन तो हळूच म्हणाला, "आमच्याकडून समुद्र गाडीने दोन दिवसांवर आहे. कुठल्याही बाजूला गेलं तरी."

सईला त्याची दया आली असावी. "अंकल, बाबा म्हणाला अमेरिकन लोकांना काहीच माहीत नसतं, सो मस्ट टॉक स्लोली. बट यू नो सो मच, लाह!"

धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं. पण चौदाव्या मजल्यावर तीही सोय नाही! केविन डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. मीही हसलो, पण आतून पार खचलो होतो. खुर्ची गेली होती आणि ती मी स्वतःच्या तोंडाने घालवली होती.

सोमवारी ती खुर्ची शेजारच्या टीममधल्या मेलिसाला मिळाली. केविनने मला बोलावून पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "तू अमेरिकेचे ग्राहक सांभाळ. ओळख तरी होईल!"

तेव्हापासून मी रोज सकाळी सात वाजता अमेरिकेला फोन लावतो. परवाच फ्लोरिडाच्या एका गृहस्थांना आपुलकीने विचारलं, "यंदा तुमच्याकडे बर्फ किती पडला?"

ते अतिशय समजूतदारपणे म्हणाले, "चालायचंच हो. सिंगापूरच्या लोकांना बाहेरच्या जगाची फारशी कल्पना नसते."

माझ्यामुळे इथे अख्खा देश अडाणी ठरतोय! कृपा करून हे कुठे बोलू नका. माझा इथला नोकरीचा पास पुढच्या महिन्यात रिन्यू व्हायचाय.