फेल्डहोवनच्या शाळेत मी पालक झाले

विमान खाली यायला लागलं तेव्हा शेजारच्या बाईने मला खिडकीतून बघायला सांगितलं. खाली पाणी आणि शेतं दिसली, पण सगळी पट्टीने आखल्यासारखी. एक ओढासुद्धा वाकडा नाही. मला ते काही आवडलं नाही. आमच्या विट्याकडे बांध वाकडे असतात, त्यावरून भांडणं होतात हे खरं, पण आपलं शेत कुठलं ते लांबून ओळखू येतं.

माझा मुलगा संदीप घ्यायला आला होता. तो डच लोकांच्या देशात फेल्डहोवन गावात राहतो, कॉम्प्युटरच्या चिप बनवायची यंत्रं करणाऱ्या कंपनीत इंजिनिअर आहे. चिप म्हणजे काय, हे त्याने गाडीत मला समजावलं. घर येईपर्यंत मी मान हलवत होते.

घरी सून मृणाल आणि नात सई. सई चौदा वर्षांची. तिला मराठी कळतं, पण उत्तर इंग्रजीत येतं. 'सई, पाणी आण' म्हटलं की पाणी येतं, शब्द येत नाही. सकाळी ती पावाला लोणी लावून वर हाखलस्लाख (चॉकलेटचे बारीक दाणे) पसरते आणि त्याला न्याहारी म्हणते. डब्यातही पावच. मी तिला पोळी-भाजी करून द्यायला लागले. ती रोज तशीच परत यायची. मग मी नाद सोडला.

पहिल्या आठवड्यात एकदा सईबरोबर फिरायला बाहेर पडले आणि लाल रंगाच्या सुंदर रस्त्यावरून चालू लागले. मागून घंटी वाजली. मी वळले नाही, घंटी काय आपल्याकडेही वाजते. तेवढ्यात माझ्याच वयाची एक बाई फीट्सवरून (सायकलवरून) अगदी अंगाला घासून गेली आणि जाता जाता काहीतरी ओरडली.

"काय म्हणाली ती?" मी सईला विचारलं.

"नथिंग, आजी," सई म्हणाली आणि मला त्या सायकलींच्या रस्त्यावरून ओढून बाजूला घेतलं. शिवी होती हे मला कळलं. शिवी कळायला भाषा लागत नाही.

शाळेचं प्रकरण मला एकदा रात्री जेवताना समजलं. इथे मूल बारा वर्षांचं झालं की ते कुठल्या शाखेत जाणार ते शिक्षक सांगतात. एक शाखा चार वर्षांची, हाताची कामं शिकवणारी. एक पाच वर्षांची, तिला हावो म्हणतात. एक सहा वर्षांची, तिथून सरळ विद्यापीठ. इमारत एकच, दार एकच, आणि आतल्या आत अशा वाटण्या. सई सहा वर्षांवालीत दुसऱ्या वर्षाला होती. तिचे मार्क घसरले होते आणि शाळा म्हणत होती, पुढच्या वर्षी हिला हावोत घालू का?

"हुशार आहे ती, आळस करते," संदीप म्हणाला. "ट्यूशन लावली की होईल. मी सांगणार आहे मेंटॉरला (वर्गशिक्षिकेला)."

सई ताटाकडे बघत होती. मी विचारलं, "तिला काय वाटतं?"

"चौदाव्या वर्षी काय वाटायचंय, आई?"

मला ते पटलं. चौदाव्या वर्षी मला काही वाटत होतं की नाही, ते आठवत नाही.

मेंटॉरला भेटायच्या दिवशी मृणाल ऑफिसच्या कामासाठी जर्मनीला गेली होती. संदीप कंपनीतून परस्पर शाळेत येणार होता. घरात बसून कंटाळले होते, म्हणून सईबरोबर मीही निघाले. शाळा तरी बघू.

शाळेसमोर सायकलींचा समुद्र होता. गणवेश नाही, प्रार्थना नाही, शिपाई नाही. मुलं जिन्यावर पसरून बसलेली आणि त्यांच्यामधून वाट काढत शिक्षकच जात होते. एका खोलीत पोरं लाकूड कापत होती, दुसरीत यंत्राचा माणूस चालवत होती, तिसरीत केक भाजत होती. मी सईला विचारलं, "ही शाळा आहे की जत्रा?" ती खुदकन हसली. मी आल्यापासून पहिल्यांदा.

आमचा नंबर आला आणि फोन वाजला. सईने तो माझ्या कानाला लावला.

"आई, मी अडकलोय, निघता येत नाही," संदीप घाईत होता. "भेट चुकवू नका. तू बस. फक्त एवढंच सांग, तिला वरच्याच शाखेत ठेवा, आम्ही ट्यूशन लावतो."

"मला त्यांची भाषा कुठे येते?"

"सई सांगेल ना."

"सई? स्वतःबद्दल?"

"आई, प्लीज."

मेंटॉर उंच बाई होती, बारीक कापलेल्या केसांची. तिने माझा हात हातात घेऊन हलवला, कॉफी आणि एक बिस्किट दिलं. मला वाटलं, आता बाई बोलतील आणि पोरगी बाहेर थांबेल. तर बाई बसल्या आणि सई उभी राहून पडद्यावर स्वतःचेच मार्क दाखवू लागली. आरोपी उभा राहून स्वतःचा खटला चालवतोय आणि न्यायाधीश बिस्किट खातोय, असं मी कुठे पाहिलं नव्हतं.

मी संदीपचा निरोप सांगितला. "हे बाईंना सांग."

सई डचमध्ये बोलली. आधी थोडं, मग बरंच.

"माझं तर एकच वाक्य होतं," मी म्हटलं. "बाकीचं काय?"

मला इंग्रजीत सांगून उपयोग नव्हता. डचमध्येही नव्हता. सईचा चेहरा लाल झाला आणि ती मराठीत बोलली. "बाबाचं सगळं सांगितलं. मग मी म्हणाली, मला नको. मी रोज रात्री अभ्यास करते आणि तरी नाही येते. मला झोप नाही येते, आजी. मी आळस नाही करते."

बाई माझ्याकडे वळून काहीतरी म्हणाल्या. सई म्हणाली, "ती विचारते, तुला काय वाटतं."

शाळेबद्दल मला आजवर कोणी काही विचारलं नव्हतं. मी चौथीपर्यंत शिकले आणि वडिलांनी पिठाच्या गिरणीवर बसवलं. विचारायला कोणी उभं नव्हतं, मला राग आल्याचंही आठवत नाही. मी बाईंना विचारलं, "एकदा खाली उतरली, तर परत वर यायला जिना आहे का?"

सईने विचारलं. आहे, म्हणाल्या.

"किती पोरं चढतात?"

बाईंनी बिस्किट बशीत ठेवलं आणि उत्तर दिलं. "थोडी," सईने सांगितलं.

खोटं बोलली नाही, एवढ्यावरून मला ती बाई बरी वाटली. पण काय करावं ते मला कळलं नाही, आणि मी तसंच सांगितलं. "मला समजत नाही. पण ही खरं बोलतेय."

घरी संदीपने आल्याआल्या विचारलं, "सांगितलंत ना?"

"हो बाबा," सई म्हणाली. "तुझं पण सांगितलं आणि माझं पण." मराठीत म्हणाली. तो बघतच राहिला. मग माझ्यावर घसरला. "आई, तू गप्प कशी बसलीस?"

"तुझा निरोप पोचवला. तिचा मी कसा अडवू?"

तो दोन दिवस माझ्याशी धड बोलला नाही. तिसऱ्या दिवशी सईच्या खोलीचं दार आतून बंद होतं आणि आत दोघं बापलेक बोलत होती. काय बोलली ते मी विचारलं नाही.

मी विट्याला परत येऊन बरेच महिने झाले. सई हावोत गेली. ते बरोबर झालं की चुकलं, मला अजून सांगता येत नाही. संदीप नातेवाइकांना मोघम काहीतरी सांगतो. तिथे मोठ्या शाळेत वर्षं पुन्हा एकपासून मोजतात, म्हणून इथे बायका नात कितवीत आहे विचारतात तेव्हा मी सरळ सांगते, तिसरीत. पंधरा वर्षांची पोरगी तिसरीत म्हणून त्या तोंडाला पदर लावतात. मी म्हणते, हसू नका. तिला झोप लागते आता. तिनेच सांगितलं फोनवर, मराठीत.