नमुना अर्ज

टँकरच्या पाण्याला येणारा ब्लीचिंग पावडरचा वास आला की मला पडेगावची आमची नवी कॉलनी आठवते. दुष्काळाचं वर्ष होतं आणि आठ दिवस टँकर आला नव्हता. मी इंजिनिअरिंगला, म्हणून टँकरसाठी अर्ज लिहायचं काम माझ्याकडं आलं. मराठी लिहिणं मला कारकुनी काम वाटायचं. इंटरनेटवरचा एक नमुना घेतला, पत्ता बदलला आणि न वाचताच छापून आणला. वॉर्ड ऑफिसातला बाबू तो वाचून हसला. "पाणी पाहिजे का गल्लीतले दिवे?" सोबत शेजारच्या मावशी होत्या, सातवी शिकलेल्या, वाळूजला कंपनीत कामाला. त्यांनी तोच कागद उलटा करून मागं लिहिलं, "ड्रेनेजसाठी रस्ता खोदलाय, मोठा टँकर आत येत नाय. लहान पाठवा. शेवटच्या घरात बाळंतीण आहे." बाबूनं त्यावरच सही केली. बाहेर आल्यावर मावशी म्हणाल्या, "लई शिकलास रे, पण काय मागायचं तेच तुला ठावं नव्हतं व्हय?" संध्याकाळी लहान टँकर आला, मी हंडा घेऊन खाली मान घालून उभा राहिलो. आता मी कॉलेजात शिकवतो. पोरं मोबाईलकडून लिहून घेतलेले रजेचे अर्ज देतात, आजोबा वारल्याचे, अगदी गहिवरलेल्या भाषेत. मी आजोबांचं नाव विचारतो, तेव्हा ती स्क्रीनकडं बघतात.