सलीम, आज तू पाणी!

मित्रांनो, मी फायर ब्रिगेडमधून रिटायर झालेला माणूस. आज सकाळी चिकलठाण्याच्या नव्या टॉवरांमागच्या मैदानात नव्या पोरांची कवायत बघायला गेलो होतो. साहेबांनी हौसेनं पाईप माझ्याच हातात दिला. पाणी सुटलं, दणका बसला; पण डावा पाय आपोआप पुढं गेला, गुडघा वाकला. खांद्याला झटका नाय.

हे शिकलो दुष्काळात. तेव्हा आमची गाडीच पुंडलिकनगरला प्यायचं पाणी वाटायची, कवायतीला थेंब नसायचा. मग रिकामा पाईप मी धरायचो आणि माझा जोडीदार, सिल्लोडचा सलीम, पाण्याच्या दणक्याऐवजी तोच पाईप मागून जीव खाऊन ओढायचा. आमचे जमादार ओरडायचे, "सलीम, आज तू पाणी!" पाय चुकला की मी मातीत उताणा. लई वैतागायचो. पण सगळ्या नोकरीत खांदा एकदाही निखळला नाय.

आज पाणी बंद झाल्यावर सवयीनं मागं वळून बघितलं. कुणीच नव्हतं.

घरी येऊन सिल्लोडला फोन लावला. म्हणलं, "सलीम, आज खरं पाणी होतं रे."

तो हसला. "मग? माझ्याइतका जोर होता का त्याला?"

खरं सांगतो, नव्हता.