आखाजीचा बार

कडुनिंबाच्या फुलांचा वास आला की मला मी तेव्हा शिकवत होते ती शिरपूरजवळची शाळा आणि सातवीचा तापलेला पत्र्याचा वर्ग आठवतो. वर्गातल्या एका मुलीची आई घर सोडून गेली होती आणि बाकीच्या पोरी तिला येता-जाता "तुनी माय पळी गयी" म्हणून टोचायच्या. ती खाली मान घालून ऐकायची, डबाही एकटीच खायची. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली होती. आखाजीला आमच्याकडे दोन गल्ल्यांतल्या पोरी समोरासमोर उभ्या राहून एकमेकींना मनसोक्त शिव्या देतात, त्याला बार म्हणतात, आणि त्या दिवशी त्यांना कोणी रागवत नाही. मी बाक भिंतीकडे सरकवले, पोरींच्या दोन रांगा केल्या, तिला पुढे उभं केलं आणि म्हटलं, "खेळा बार." ती मान वर करून ओरडली, "मनी मायनं नाव लिधं ना, तं दात पाडी टाकसू!" टोचणाऱ्या पोरींच्या माना पहिल्यांदाच खाली गेल्या. तेवढ्यात मुख्याध्यापक दारात येऊन उभे राहिले. "मॅडम, पोरींना वळण लावायचं की शिव्या शिकवायच्या?" मी म्हटलं, "सर, ती मुकाट ऐकत होती तेव्हा वर्ग शांत होता, म्हणून तुम्ही कधी फिरकला नाहीत." हल्ली प्रशिक्षणात "मुलांना व्यक्त होऊ द्या" असं पडद्यावर दाखवतात आणि सगळे माना डोलावतात. मी आपली दर आखाजीच्या आधी बाक सरकवते, आणि दार सताड उघडं ठेवते.